नवऱ्याच्या वयातून दोन वजा

“आई का तुमच्या?” काउंटरवरच्या मुलीनं फाइल माझ्याकडं सरकवत विचारलं.

मी काही बोलायच्या आत वहिनीच म्हणाल्या, “आईच म्हणा की. डबा करून घालून मीच मोठं केलंय ह्यास्नी.”

मुलगी हसली. मीही हसले. तेव्हा हसण्यावारी नेलेला तो प्रश्न पुढं कितीतरी दिवस मला एका जागी बसू देणार नव्हता.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. गडमुडशिंगीला आमचं घर आहे. भाऊ एका फौंड्रीत कंत्राटावर जातो, वहिनींच्या दोन म्हशी आणि दुसऱ्यांच्या शेतात भांगलण, म्हणजे तण काढायचं काम. मी शहरात, राजारामपुरीत राहते आणि ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. त्यासाठी मी ज्यांचे उपकार मानते त्यांत माझे शाळेतले शिक्षक आहेत, भाऊ आहे, पण सगळ्यांत आधी वहिनी आहेत. कॉलेजला जायला मला पहाटेची गाडी धरावी लागे. एकाही दिवशी मी डब्याशिवाय गेले नाही. त्या डब्याच्या आधी चूल पेटलेली असायची आणि चुलीच्या आधी शेण काढलेलं असायचं, हे मला तेव्हा दिसत होतं, पण समजत होतं असं म्हणता येणार नाही.

वर्षभर वहिनींना दम लागत होता. आधी चढावर, मग सपाटीला, मग धार काढताना. गावातल्या एका डॉक्टरांनी “वय झालं, आता ओझी उचलू नका” म्हणून टॉनिक दिलं. दुसऱ्यांनी दम्याचा पंप दिला. एक दिवस भांगलताना त्या सरीत बसल्या त्या अर्धा तास उठल्याच नाहीत. बायकांनी पाणी मारलं, छायेला नेलं. संध्याकाळी भावाचा फोन आला, “तू जरा हिला मोठ्या डॉक्टरकडं न्हेतीस काय? मी गेलो तर खाडा पडतोय.” कामावर न गेलेला दिवस म्हणजे खाडा. त्या दिवसाची मजुरी नाही आणि कंत्राटदाराचं तोंड वाकडं. आमच्या घरात आजारपणाला पहिला प्रश्न हाच असतो, किती खाडे?

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात इको काढला. हृदयाची एक झडप आकसून दगडासारखी झाली होती. सर्जन चाळिशीचे, शांत बोलणारे होते. त्यांनी वहिनींना विचारलं, “लहानपणी घसा धरून ताप यायचा? सांधे सुजायचे?”

“सुजायचं की. एकदा दोन म्हैनं उठायलाच येत न्हवतं. आजीनं लेप लावला, उतरलं.”

“औषध?”

“लेपच की औषध.”

डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. घशाचा साधा आजार वेळेवर औषधानं बरा झाला नाही तर काही मुलांमध्ये तो सांध्यांत आणि मग हृदयात उतरतो. झडप हळूहळू खराब होत जाते, तीस-चाळीस वर्षं काही कळत नाही. एका खोलीत आठ-दहा माणसं झोपतात अशा घरांतून हा आजार जास्त येतो, असंही ते म्हणाले. त्यांच्या आवाजात दोष देणं नव्हतं. घराचा पत्ता सांगावा तसं ते बोलले.

झडप बदलावी लागणार होती. ऑपरेशन सरकारी योजनेत बसत होतं, त्यामुळं पैशांची चिंता मिटली, असं मला वाटलं. डॉक्टर म्हणाले, “दोन प्रकारच्या झडपा असतात. एक धातूची, एक जनावराच्या ऊतीपासून केलेली.”

“म्हशीची असंल तर बसवा,” वहिनी म्हणाल्या, “आमचं जमतंय.”

डॉक्टर मोकळेपणानं हसले. मग फाइलवर नजर टाकून म्हणाले, “अठ्ठावन्न. साठीला आलात. तुम्हाला ती जनावराचीच बरी. रोजची रक्त पातळ करायची गोळी नको, दर महिन्याला तपासणी नको. दहा-बारा वर्षं छान काम देते. तेवढी पुरे.”

“लई झाली की,” वहिनी म्हणाल्या. “आमच्यात सत्तरी कुणी बघितलीया?”

आठ दिवसांनंतरची तारीख मिळाली. मी वहिनींना गावाकडच्या गाडीत बसवलं आणि घरी आले. चहा टाकला तो उतू गेला. ‘तेवढी पुरे’ हे दोन शब्द डोक्यातून जाईनात. डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. अठ्ठावन्नला दहा-बारा मिळवले की सत्तर होतात, हिशेब सरळ होता. पण अठ्ठावन्न हा आकडा आला कुठून, ते मला माहीत होतं. तो माझा आकडा होता.

आधार कार्डाचं शिबिर आमच्या गावच्या शाळेत भरलं होतं, तेव्हा मी सुट्टीला गेले होते. गावातल्या बायकांचे फॉर्म भरून द्यायला मी बाकड्यावर बसले. शिकलेली मुलगी म्हणून मला बोलावलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. ज्यांच्या जिवावर शिकले त्यांच्या काही उपयोगी पडते आहे, असं वाटत होतं. पंचाईत एकच होती. चाळिशीच्या पुढच्या निम्म्या बायकांना जन्मसाल माहीत नव्हतं. “लिव की तुझ्या मनानं,” म्हणायच्या. “म्हातारी लिवू नगंस म्हंजे झालं,” म्हणायच्या. मागं रांग वाढत होती. मग मी एक रीत काढली. नवऱ्याचा शाळेचा दाखला बहुतेक घरांत असायचा. नवऱ्याच्या वयातून दोन वजा करायचे, कधी तीन, आणि साल लिहायचं. एकदा समोरच्या चेहऱ्याकडं बघायचं, पटलं की पुढचा फॉर्म. रीत झकास चालली. दुपारपर्यंत मी ढीग संपवला.

वहिनी रांगेत शेवटी आल्या, कारण त्यांना म्हशी सोडून यायला वेळ लागला. भाऊ माझ्याहून बारा वर्षांनी मोठा आहे. मधली दोन भावंडं लहानपणीच गेली. भावाच्या वयातून मी दोन वजा केले. वर बघितलं. रापलेला, गालफडं बसलेला चेहरा, कानाजवळ पांढरे केस. पटला. मी लिहिलं.

त्यांचं लग्न झालं तेव्हा मी दहावीत होते. वडील नुकतेच गेले होते, भावाचं लग्न त्यामुळंच लांबलं होतं. वहिनींच्या माहेरचे म्हणाले होते, पोरगी अठरा पुरी झालीय. कुणी कागद मागितला नाही. घरात आल्या दिवसापासून त्या मला मोठ्याच वाटल्या. लुगड्यातली, डोक्यावर पदर घेतलेली बाई वहिनी असते आणि वहिनी मोठीच असते. वय विचारायचं सुचलंच नाही. आता मात्र ते एका प्रश्नासारखं पुढं उभं राहिलं. अठरा पुरी झाली हे तरी खरं होतं का?

दुसऱ्या दिवशी वर्गात मानव विकासाचा धडा होता. दरडोई उत्पन्न, शिक्षण, सरासरी आयुर्मान. मी हा धडा इतक्या वेळा शिकवलाय की फळ्याकडं पाठ करूनही लिहू शकते. सरासरी म्हणजे सगळे तेवढे जगतात असं नाही, हे मी दर वर्षी सांगते. कोणी बरंच पुढं जातं, कोणी बरंच अलीकडं थांबतं, आणि मधे एक आकडा ठेवला जातो. त्या दिवशी ‘अलीकडं थांबतं’ म्हणताना मला पुढचं वाक्य सुचेना. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, पुढं?” मी म्हटलं, “पुढं वाचा तुम्ही,” आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले.

मला एक जुनी गोष्ट आठवत होती. वडील गेले तेव्हा बावन्न वर्षांचे होते. दारात बसलेली माणसं म्हणत होती, “सुटला बिचारा. वय झालंतं.” मीही ते ऐकलं आणि तसंच मानलं. गेल्या वर्षी आमच्या राजारामपुरीतल्या इमारतीत तळमजल्यावरचे एक निवृत्त अधिकारी गेले. ऐंशीला एक-दोन कमी. जिन्यात उभे राहून सगळे म्हणत होते, “जायचं वय नव्हतं हो. अजून दहा वर्षं सहज काढली असती.” दोन्हीकडं माणसं मनापासून बोलत होती. दोन ठिकाणांमध्ये बसनं जेमतेम अर्ध्या तासाचं अंतर आहे.

मी सुट्टी टाकली आणि गावी गेले. वहिनी गोठ्यात होत्या. दम लागत होता तरी कडबा तोडत होत्या.

“वहिनी, तुमचं खरं वय किती?”

“का? परत लगीन लावून देतायसा व्हय?”

“चेष्टा नको. शाळेत गेला होतात ना तुम्ही?”

“तिसरीपातूर. मग धाकटी भावंडं सांभाळायला घरात ऱ्हायलो.” त्यांनी विळती खाली ठेवली. “कशाला उकरताय वन्सं? गुरुजीबी मेलं असतील.”

नवऱ्याची बहीण म्हणून त्या मला पहिल्यापासून ‘वन्सं’ म्हणतात. मी म्हटलं, “गुरुजी गेले तरी रजिस्टर राहतं.”

“लई शिकलाय तुम्ही,” त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा किती आणि कौतुक किती हे मला कधीच कळलेलं नाही.

त्यांचं माहेर मुरगूडच्या पुढं, वळणावळणाच्या रस्त्यानं आत. बस मुरगूडपर्यंत, पुढं वडापची जीप. शाळेच्या पायरीवर एक म्हातारा बसला होता. पायात वहाणा नव्हत्या, डोक्याला टॉवेल.

“कुठलं म्हणायचं पावणं?”

मी सांगितलं. वहिनींच्या घराचं नाव काढल्यावर त्यानं मान हलवली.

“ती व्हय! तिचा बा माझ्या बरुबरचा. चाळिशीत गेला. चुलता गेला. थोरला भाऊ तर लगीन होऊन दोन वर्सांत गेला. त्या घरात पन्नाशी कुणी बघितलीच न्हाय बघा. म्हातारं माणूस म्हंजे एक आजी तेवढी. ती कशी वाचली काय म्हाईत.”

“कशानं गेले सगळे?”

“कशानं म्हंजे?” त्याला प्रश्नच विचित्र वाटला. “ताप आला, कुणाला दम लागला. कशानं गेलं हे बघायला दवाखान्यात जायला लागतंय की.”

मुख्याध्यापिका माझ्याहून बऱ्याच तरुण होत्या. कारण ऐकून त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि स्वतः पत्र्याची पेटी उघडली. जुनी रजिस्टरं वाळवीनं कडेला खाल्ली होती. दोन तास आम्ही पानं उलटली. मला बसवत नव्हतं. मी उभ्यानंच बोट फिरवत होते. मग ते नाव आलं. माहेरचं नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख. एक जून आणि साल. शाळा सोडल्याचं कारण : घरकाम.

माझीही जन्मतारीख एक जूनच आहे. आमच्या पिढीत गावोगावच्या गुरुजींनी पोरं शाळेत घालताना सगळ्यांना हीच तारीख वाटली. म्हणून ती बघून मला नवल वाटलं नाही. साल मात्र मी तीनदा वाचलं. बोटावर मोजलं, कागदावर मोजलं. ते माझ्या सालाच्या पुढचं होतं.

वहिनी माझ्याहून एका वर्षानं लहान होत्या. सत्तेचाळीस.

गुरुजींची तारीख अंदाजाची असेल, चार-सहा महिने इकडं-तिकडं होतील. पण पहिलीच्या वर्गात दारात उभ्या असलेल्या पोरीच्या वयात कोणताही गुरुजी अकरा वर्षं चुकत नाही. अकरा वर्षं चुकायला माझ्यासारखी बाकड्यावर बसलेली पदवीधर लागते.

परतीच्या बसमध्ये खिडकीकडची जागा मिळाली होती, तरी मी सारखी बूड हलवत होते. शेजारची बाई शेवटी म्हणाली, “बरं वाटंना व्हय?” मी मांडीवरच्या माझ्या हातांकडं बघत होते. खडूनं कोरडे पडलेले, पण नखं धड असलेले हात. माझी दहावी झाली तेव्हा सोळा वर्षांची मी अभ्यास करत होते आणि पंधरा वर्षांची एक मुलगी माझ्यासाठी पाणी तापवत होती. तिला मी ‘वहिनी, जरा चहा’ म्हणत होते. ज्या मुलीनं माझ्या मागच्या बाकावर बसायला हवं होतं तिला मी आईच्या जागी बसवलं होतं. आणि तिच्या चेहऱ्यानं मला कधी खोटं पाडलं नाही. उलट मी लिहिलेलं वय त्या चेहऱ्यावर इतकं नीट बसलं की गावच्या डॉक्टरांना, काउंटरवरच्या मुलीला, सर्जनना, कुणालाच शंका आली नाही. आम्ही एकाच घरात, एकाच चुलीवरचं खाऊन मोठ्या झालो असं मी अभिमानानं सांगत आले. पण मी खाऊन पुस्तकाकडं गेले आणि त्या उरलेलं खाऊन शेताकडं. तीस वर्षांत एवढ्या फरकानं अकरा वर्षांचं अंतर पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सर्जनच्या दारात. सांगायला लाज वाटत होती, म्हणून भरभर सांगून टाकलं. रीतसुद्धा सांगितली, वजा दोनची.

त्यांनी फाइल पुन्हा उघडली. मग म्हणाले, “मला कार्डावरचं वय दिसलं, समोर पेशंट दिसला. दोन्ही जुळत होतं. मी विचारायला हवं होतं, पण विचारावंसं वाटलं नाही, हे खरं आहे.”

“आता?”

“आता गणित बदलतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी ऊतीची झडप बसवली तर ती तरुण शरीरात लवकर झिजते. पन्नाशी संपता संपता पुन्हा छाती उघडायला लागेल. धातूची बसवली तर ती जन्मभर टिकते. पण मग गोळी रोज. दर महिन्याला रक्त तपासून गोळीचा डोस ठरवायचा. गोळी चुकली तर झडपेवर रक्ताची गाठ धरते आणि माणूस क्षणात जातं. डोस जास्त झाला तर आतून रक्त वाहतं.” त्यांनी माझ्याकडं बघितलं. “तुम्हाला ही झडप मी डोळे झाकून सांगितली असती. त्यांना दर महिन्याला शहरात यायला जमेल का, हे मला माहीत नाही. तुम्ही ठरवून नका येऊ. त्यांना विचारून या.”

‘तरुण शरीर’ हे शब्द वहिनींच्या बाबतीत मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना दुसरंच टोचत होतं. टिकणारी वस्तू आणि पुन्हा बदलावी लागणारी वस्तू यांत, टिकणारी ज्याला महिन्याकाठी एक मोकळा दिवस परवडतो त्याचीच आहे.

रविवारी दुपारी मी गावी पोचले. सुट्टी असल्यानं भाऊ घरी होता. सोप्यात बसून मी दोघांना सगळं सांगितलं. साल सांगितलं तेव्हा वहिनी आधी खो-खो हसल्या, इतक्या की खोकला लागला.

“म्हंजे मी धाकटी? आणि इतकी वर्सं तुमाला वन्सं वन्सं करत आलो? आता तुमीच मला ‘अगं’ म्हणा आणि मी तुमच्या हातचा च्या पितो.”

भाऊ हसला नाही. तो जमिनीकडं बघत होता. मग म्हणाला, “मला अठराची म्हणूनच सांगितलंतं.”

“तुमाला सांगितलं आणि तुमी ऐकलंसा,” वहिनी म्हणाल्या. “बघितलं न्हाईसा?”

मी झडपांचं सांगायला लागले. डॉक्टर काय म्हणाले, एक किती टिकते, दुसरी किती, गोळी, तपासणी. वहिनी ऐकत होत्या, पण त्यांचा चेहरा बदलत चालला होता. मधेच त्यांनी मला थांबवलं.

“थांबा. परवा मी तिथं ‘लई झाली’ म्हटलं. का म्हटलं? मला वाटलं, साठी आलीच हाय, आता किती ऱ्हायलंय? तुमी लिवलंय म्हंजे बरुबर असणार, असं धरून चाललो मी. दम लागला तरी म्हणायचो, वय झालं. गुडघं दुखलं, वय झालं. धाकट्या लेकीच्या लग्नात ती नवी साडी घे म्हणाली तर म्हटलं, म्हातारीला कशाला?” त्यांचा आवाज चढला. “तुमच्या पेनानं म्हातारी झालो मी. अकरा वर्सं!”

“वहिनी, मला कुठं माहीत होतं—”

“इचारायचं की! गावातल्या समद्या बायांना इचारलंसा, मला इचारलंसा?”

खरंच विचारलं नव्हतं. परक्या बायकांना मी निदान ‘साल आठवतं का’ म्हणाले होते. घरातल्या माणसाचं मला माहीतच आहे असं मी धरून चालले होते. मी “चुकलं माझं” म्हणाले. ते पुरेसं नव्हतं हे मला बोलतानाच कळलं.

भाऊ म्हणाला, “झालं ते झालं. आता कुठली बसवायची ते बोला. दर म्हैन्याला एक खाडा तिचा, आणि सोबत गेलो तर माझा. गोळी ऱ्हायली एखाद्या दिशी तर? त्यापरीस ती जनावराची बरी. फुडचं फुडं बघू.”

“फुडचं कोण बघणार?” वहिनी उठल्या. दारापर्यंत गेल्या, परत आल्या. त्याही माझ्यासारख्या एका जागी थांबू शकत नव्हत्या. “सत्तेचाळीस म्हंजे वन्सं, तुमी नोकरीला अजून धा वर्सं हाय म्हणतायसा न्हवं?”

“हो.”

“मग मला का न्हाईत?”

त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, “धातूचीच बसवा. म्हैन्याचा एक दिस मी काढतो. मी येणार तुमच्याकडं, तुमी मला तिथं न्ह्यायचं. यायचं जमलं न्हाई, तर तुमी यायचं. एवढं देणं लागतासा तुमी माझं.”

ऑपरेशन झालं. छातीवर उभा व्रण, आणि आत धातूची झडप. खोलीत सामसूम असली की तिची टिकटिक बाहेर ऐकू येते. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात वहिनींनी सांगितलं, “म्हशीबी कान टवकारतायत.” दोन महिन्यांत त्यांना चढाचा दम लागेनासा झाला. भाऊ म्हणाला, “ही आता माझ्याफुडं चालतीया.” मला वाटलं, संपलं. मी शांत झोपेन आता.

तसं झालं नाही. पहिले तीन महिने वहिनी ठरलेल्या दिवशी आल्या. चौथ्या महिन्यात आल्या नाहीत. फोन लावला तर उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी गाडी काढली आणि थेट गावी गेले. त्या घरी नव्हत्या, शेतात होत्या. भांगलणीचे दिवस होते, रोजगार चढा होता, बायका मिळत नव्हत्या. मी बांधावर उभी राहून ओरडले. उसातून पाच-सहा डोकी वर आली, त्यात एक त्यांचं.

“तपासणी चुकलीय तुमची!”

“चार दिसानं जाऊ की!” त्या तिकडूनच ओरडल्या. “आठ दिस काम हाय, परत म्हैनाभर कोण बोलवत न्हाय!”

“आणि गोळ्या?”

त्या पुन्हा सरीत वाकल्या. शेजारची बाई म्हणाली, “संपल्यात म्हणं परवा.”

मी चपलांसकट चिखलात उतरले. मला इतका राग आला होता की काय बोलले ते पुरतं आठवत नाही. मरायचंय का असं काहीतरी बोलले. वहिनी मात्र माझ्यावर उलट चिडल्या नाहीत. खुरपं कमरेला खोचून माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “मरायचं न्हाय म्हणूनच आलोय न्हवं इथं. काय खायचं ते तरी सांगा.”

मी तशीच त्यांना गाडीवर मागं घेतलं. पायाला चिखल, अंगाला उसाची कूस. राजारामपुरीच्या लॅबमध्ये पांढऱ्या फरशीवर त्यांच्या पायांचे ठसे उमटले तेव्हा त्या ओशाळून भिंतीच्या कडेनं चालल्या. रक्त दिलं. तासाभरानं रक्ताच्या पातळपणाचा आकडा आला. हवा होता त्याच्या निम्मा. रक्त घट्ट व्हायला लागलं होतं. सर्जननी फोनवर डोस वाढवून दिला आणि म्हणाले, “वेळेत आणलंत. आता आठ दिवसांनी पुन्हा तपासा, मग पुन्हा आठ दिवसांनी. आकडा बसेपर्यंत.”

मी गोळ्या घेतल्या, दोन महिन्यांच्या जास्तीच्या. वहिनींना गावाच्या बसथांब्यावर सोडलं. भूक लागली असेल म्हणून केळी घेऊन दिली. त्यांनी ती पिशवीत ठेवली, घरच्यांसाठी.

“आठ दिवसांनी बुधवारी यायचं,” मी म्हटलं. “नाही आलात तर मी परत बांधावर येऊन ओरडणार.”

“बुधवारी म्हंजे परत खाडा.”

“हो.”

“आणि त्याच्या फुडच्या बुधवारी?”

“तेव्हाही.”

बस आली. त्या पायऱ्या दमानं नाही, झपाझप चढल्या. आत जाऊन खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मी वाट बघत होते, बुधवारी येतो म्हणतील म्हणून.

“बघू,” त्या म्हणाल्या, आणि बस हलली.